मदत हवी आहे: बाबांना उद्या घरी निमोनियाची लस, काय तयारी करू?

संत्रीवाला: उद्या सकाळी ओळखीची सिस्टर घरी येऊन बाबांना लस देणार आहे. लस आज दुपारीच बर्डीवरच्या मेडिकलमधून आणून फ्रीजमध्ये ठेवली. कापूस, स्पिरिट अजून काय लागते? वाचून वाचून डोकं दुखून रायलं, लवकर सांगा.

धंतोलीकर: कोणती लस? वय किती, शुगर-बीपी, चालू गोळ्या?

संत्रीवाला: निमोनियाचीच ना भाऊ, डॉक्टरनीच लिहून दिली. वय ६८.

चिऊची_आई: आमच्या चिऊला ६ आठवडे, १४ आठवडे अन् ९ महिन्याला दिली, मांडीत, सरकारीत फुकट! रात्रभर रडली पण.

धंतोलीकर: ताई, ६८ वर्षांचे बाबा आहेत 😀 मोठ्यांसाठी निमोनियाच्या वेगवेगळ्या लसी असतात, खोक्यावर १३ आहे की २३?

संत्रीवाला: १३. शुगर आहे. रक्त पातळ करायची गोळी पण चालू आहे, त्यानं काय फरक पडते?

जुनी_सिस्टर: पडते ना बाबू! सुई बारीक लागते, दंडाच्या वरच्या मांसल भागात द्यायची अन् मग निदान २ मिनिटं कापूस घट्ट दाबून ठेवायचा, चोळायचं नाही. गोळी मनानं बंद करू नको. अन् फ्रीजमध्ये कुठं ठेवली ते सांग आधी.

संत्रीवाला: वरच्या कप्प्यात, फ्रीजरला लागून. आत्ता पाहिलं तर खोक्याला बर्फ चिकटलाय. चालते ना? लय महाग आहे.

जुनी_सिस्टर: नाही चालत. ही २ ते ८ डिग्रीत ठेवायची, गोठली की बाद. वितळून साधी दिसली तरी बाद. हलवून पाहायची टेस्ट असते, पण तिला ताडून पाहायला त्याच लॉटची दुसरी बाटली मुद्दाम गोठवून लागते, तुझ्याकडे एकच सिरिंज. शंका आली की द्यायची नाही.

राजेहो४४: काहून घाबरवता? मे महिन्यात आमच्याकडे ४ तास लाईट नव्हती, तीच लस काकांना दिली, ठणठणीत आहेत.

जुनी_सिस्टर: काका ठणठणीत आहेत, लस चालली का ते कुठं कळलं?

धंतोलीकर: मुद्दा राहिलाच, सिस्टरकडे ॲड्रेनलिन, म्हणजे जोराच्या रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन, असते का? रिअ‍ॅक्शन क्वचित येते पण आली तर मिनिटांचा खेळ. दवाखान्यात घ्या अन् अर्धा तास तिथंच बसा.

राजेहो४४: दवाखान्यात खोकणाऱ्यांच्या मधात बसून दुसराच आजार घेऊन येतील. लाईटचं काय करायचं ते बोला कोणी, आमच्याकडे आत्ता पण गेली.

संत्रीवाला: सिस्टरला फोन केला, ॲड्रेनलिन नाही म्हणे. उद्या डॉक्टरकडेच नेतो, लस तिथलीच घेतो. २३ वाली पण सोबतच घेऊन टाकू का, एकदाच काम होईल?

जुनी_सिस्टर: नाही रे, १३ नंतर २३ ला निदान एक वर्ष सोडायचं, डॉक्टर वेगळं म्हणले तर ते ऐक. फ्लूची राहिली असेल तर ती उद्याच दुसऱ्या दंडात होते.

संत्रीवाला: बरं. अन् हे बर्फ लागलेलं खोकं मेडिकलवाला परत घेते का?

राजेहो४४: विचारूच नको 😂