चांगल्या दिवशी जास्त होतं, मग तीन दिवस अंथरुणात. हलका व्यायाम म्हणजे नेमका किती?

नमस्कार. वय ४७. सहा वर्षांपासून रुमेटॉइड संधिवात आहे, गेल्या वर्षी फायब्रोमायल्जियाचंही (अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार) निदान झालं. औषधं नियमित चालू आहेत, सूज आटोक्यात आहे, रक्ताचे रिपोर्टही बरे येतात. दुखणं मात्र हटत नाही. सकाळी बोटं मिटत नाहीत. टूथपेस्टची ट्यूब दोन्ही तळव्यांत धरून बेसिनच्या कडेवर दाबते, तेव्हा कुठे पेस्ट बाहेर येते.

डॉक्टर दर वेळी "हलका व्यायाम करा" म्हणतात. हलका म्हणजे किती, हे विचारेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलेलं असतं.

माझं होतं असं, की एखादा दिवस छान उजाडतो. अंग मोकळं वाटतं, म्हणून पाऊण तास चालून येते, राहिलेलं कपाटही आवरून टाकते. रात्री काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मांड्या, खांदे, पाठ असं काही ठणकतं की कूस बदलताना डोळ्यांत पाणी येतं. मग तीन-चार दिवस पडून. वर्षभर हेच चाललंय, आता चालायचे बूट पायांत घालायचीच भीती वाटते. घरचे काळजीपोटी आराम कर म्हणतात, पण पडून राहिलं की सांधे आणखी आखडतात.

दुखत असताना व्यायाम करावा का? कुठलं दुखणं चालवून घ्यायचं आणि कुठे थांबायचं? यातून गेलेल्यांनी किंवा फिजिओंनी कृपया सांगा, मनापासून विचारतेय.

प्रतिसाद १

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, तुमचा व्यायाम चांगल्या दिवसाच्या मापाने चाललाय, तिथेच घोळ आहे. वाईट दिवशीही निभेल तेवढंच माप धरा. ते पाच मिनिटं असेल तर पाच. अंग मोकळं असलेल्या दिवशीही पाचच, आणि माझ्या पेशंटना हेच सगळ्यात जड जातं. एक-दोन आठवडे त्रास न होता निभलं की एखादं मिनिट वाढवा.

व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं. संपल्यावर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर प्रमाण जास्त झालं. पुढच्या वेळी कमी करा, बंद करू नका. फायब्रोमायल्जियात त्रास दुसऱ्या दिवशी वर येतो, म्हणून दुसऱ्या सकाळचीही नोंद वहीत ठेवा. एखादा सांधा गरम, लाल, सुजलेला असेल तर त्यावर जोर नको, तो फक्त सोसेल तितका अलगद हलवा आणि डॉक्टरांना दाखवा.

भीती वाटणं अगदी साहजिक आहे. पण युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे युलारने, २०१७ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या उपचारांबद्दल शिफारशी केल्या, त्यात ठाम शिफारस फक्त व्यायामाची होती.

प्रतिसाद २

माझे गुडघे झिजलेत, त्यामुळे संधिवाताचं सांगू शकणार नाही. मला पाण्याने तारलं. छातीभर पाण्यात उभं राहिलं की पायांवर अंगाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो. पोहता येत नसलं तरी कठडा धरून चालता येतं. पाणी कोमट हवं, गारठ्यात स्नायू आवळतात.

पाण्यात जाणं जमत नसेल तर पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. मी पाच वेळांपासून सुरुवात केली होती. श्वास मात्र रोखू नका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही खूप आभार. चांगल्या दिवशीही पाचच, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. उद्यापासून पाच मिनिटं चालणं आणि वही. फिजिओ, एकच विचारते: सकाळी बोटं कोमट पाण्यात बुडवून हळूहळू मूठ मिटली तर चालेल का, की ती सैल होईपर्यंत थांबू?

प्रतिसाद १

थांबू नका, कोमट पाण्यातच करा. मूठ घट्ट आवळायची नाही, मिटेल तेवढीच मिटा. मग अंगठ्याने एकेका बोटाचं टोक गाठा. ट्यूब त्यानंतर हातात घ्या.