घरातल्या मोठ्या माणसांच्या लशी: आधी काय घ्यावं, कुठे घ्यावं? (सांगली-मिरज)

हरिपूरची_लेक
गेल्या आठवड्यात गोठ्यात अण्णांच्या पायात दाताळं घुसलं. वय ७२, शुगर आहे. विश्रामबागेतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली आणि विचारलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय?" मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. आई म्हणाली, "२०१९ च्या पुरात आम्ही शाळेत राहायला होतो, तिथं बऱ्याच जणांना टोचत होते, तेव्हाच यांनी घेतलं असणार." अण्णा म्हणाले, "मी कुठला? मी जनावरांपाशी होतो."

माझ्या मुलाची लशींची फाइल आहे, बीसीजीपासून सगळ्या तारखा त्यात आहेत. अण्णांचा मात्र एक कागद सापडला नाही, आणि याचं मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांना इंजेक्शन दिलं. निघताना डॉक्टरांनी फ्लूची आणि न्यूमोनियाचीही लस घ्यायला सांगितलं. आई ६६ वर्षांची, तिला बीपी आहे. धाकटी बहीण २५ ची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, पुढच्या वर्षी लग्न आहे. सगळ्यांचं सगळं एकदम करणं परवडणार नाही. सुरुवात कशापासून करू? अनुभवी लोकांनी सांगा.

निवृत्त_सिस्टर_मिरज
तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून एकेरी बोलते. वाईट वाटून घेऊ नकोस. ३० वर्षं सरकारी नोकरी केली, शेतकऱ्याच्या घरात बापाचा लशीचा कागद मला क्वचितच दिसला.

धनुर्वाताचं आधी नीट समजून घे. लोकांना वाटतं तो गंजामुळे होतो. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, म्हणजे गोठ्यातली जखम जास्त धोक्याची. काही जण दर सहा महिन्यांनी टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, टोचून घेतात, त्याची गरज नसते, उलट दंड सुजतो. नियम असा आहे: सुरुवातीचे मूळ डोस पूर्ण झालेले असतील तर दर १० वर्षांनी एक बूस्टर, म्हणजे पुन्हा एक डोस. जखम खोल किंवा मातीशेणाची असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील तर लगेच एक.

पण अण्णांच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे सरकारी लसीकरण सुरू झालं १९७८ साली, आणि १९८५ पासून ते सगळीकडे पसरत गेलं. अण्णा तोवर मोठे झाले होते. बायकांना निदान बाळंतपणाच्या वेळी टीटी मिळालं. त्या पिढीच्या पुरुषांना कुणीच बोलावलं नाही. जखम झाली की एक इंजेक्शन, झालं. मूळ डोस झाल्याची खात्री नसेल तर तीन घ्यावे लागतात: परवा घेतलेला पहिला धर, दुसरा महिन्याभरानं, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. डॉक्टरांना सरळ विचार, "हे तीन पूर्ण करून द्याल का?" आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर सिव्हिलमध्ये विचार, तिथं पैसे पडत नाहीत.

वाळव्याचा_शेतकरी
आमच्या वडिलांनी जन्मात एक लस घेतली नाही. ८५ पर्यंत उसात पाणी पाजत होते. खाणंपिणं चांगलं असलं की पुरे. शुगरच्या माणसाला एवढ्या सुया कशाला?

निवृत्त_सिस्टर_मिरज
दादा, वडिलांच्या दंडावर गोल खड्डा पडलेली खूण होती का, आठवून बघा. असेल तर ती बहुतेक देवीच्या लशीची. टोचणारा गावात आला की पोरं उसात जाऊन लपायची. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. खाणंपिणं देवीच्या काळातही चांगलंच होतं. आणि शुगरमध्ये फ्लू आणि न्यूमोनिया जास्त अंगावर येतात, म्हणून तर त्यांना आधी सांगतात.

कुपवाड_मेडिकल
लस घेताना एवढं सांभाळा. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. फ्लूची, टीडीची, हेपॅटायटिस बीची (ही एक प्रकारची कावीळ) लस गोठली तरी वाया जाते, म्हणून घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नका. लाइट गेल्यावर फ्रीज कशावर चालतो, हे दुकानदाराला बिनदिक्कत विचारा. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मुलांचे डॉक्टर. त्यांच्याकडे लशींचा फ्रीज असतोच, आणि बरेच जण मोठ्यांनाही टोचतात. आधी फोन करून विचारा.

फ्लूची लस दरवर्षी नवी येते, कारण विषाणू बदलतो. खोक्यावर कोणत्या हंगामाची आहे ते वाचून घ्या. आपल्याकडे साथ पावसाळ्यात चढते, लस लागू व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत घेतलेली बरी. खर्च साधारण दीड-दोन हजार. न्यूमोनियाची दरवर्षी घ्यावी लागत नाही. जंतूच्या १३ प्रकारांवरची घेतली तर वर्षभरानं २३ प्रकारांची घेतात. २० प्रकारांची नवी घेतली तर दुसरी लागत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर टोचणाऱ्याला आधी सांगा.

तासगाव_द्राक्षवाला
माझं वय ५८. दोन वर्षांपूर्वी कमरेला उजव्या बाजूनं पुरळ उठलं. आई म्हणाली नागीण आहे, तिचं तोंड आणि शेपूट जुळायच्या आत गेरू लाव. दोन टोकं जुळली की माणूस जातो, ही भीती आमच्याकडे अजून आहे. गेरूत चार दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, पुरळ उठल्यापासून ७२ तासांत विषाणूवरच्या गोळ्या सुरू केल्या तर सर्वांत चांगलं. फोड वाळले, पण आग आठ महिने राहिली. बनियनचा कापडसुद्धा सहन व्हायचा नाही. छाटणीच्या दिवसांत बागेत उभा राहू शकलो नाही.

लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसांत झोपून राहतो आणि वय झालं की उठतो. ५० नंतर दोन डोसची लस आहे, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. एका डोसला दहा हजारांच्या वर जातात, हे खरं आहे. बरा झाल्यावर मी घेतली. परवडत असेल तर अण्णांना द्या, नसेल तर निदान घरात सांगून ठेवा की एकाच बाजूला पट्ट्यासारखं पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर.

मिरज_किल्ला_भाग
आमच्या घरून यंदा हजला जाताहेत. मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज येते तो आजार) लस सक्तीची आहे, निघायच्या निदान १० दिवस आधी घ्यायची. पासपोर्टसोबत त्याचा कागद ठेवा.

निवृत्त_सिस्टर_मिरज
बहिणीचं राहिलं. लॅबमध्ये रक्त हाताळते म्हणजे हेपॅटायटिस बीची लस आजच सुरू कर: आज, महिन्यानं, सहाव्या महिन्यात. सरकारी कार्यक्रमात ती लस देशभर २०११ मध्ये आली, त्यामुळे तिला लहानपणी मिळालीच असेल असं नाही. डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू झाली का बघायचं. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) झाल्याची नोंद नसेल तर लग्नाआधी तिला दे, कारण गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाला धोका असतो. ती लस गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लसही तिला चालेल, तिच्या वयाला तीन डोस. पुण्याच्या सीरम कंपनीची सर्वाव्हॅक ही लस २०२३ मध्ये बाजारात आली, परदेशी लशीपेक्षा स्वस्त आहे.

हरिपूरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाच्या डॉक्टरांना फोन केला, मोठ्यांनाही टोचतात म्हणाले. काल अण्णांना फ्लूची दिली. न्यूमोनियाची पुढच्या पगारावर, नागिणीचं दिवाळीनंतर भावाशी बोलून ठरवू. बहिणीचा हेपॅटायटिसचा पहिला डोस झाला.

एक वही केली. प्रत्येकाला एक पान, त्यावर लशीचं नाव, तारीख, कुठे घेतली, पुढची कधी. खोक्यावरचा बॅच नंबरही लिहिते. रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेवली, कारण पूर आला की आई सगळ्यात आधी तीच उचलते. टीडीचा दुसरा डोस पुढच्या महिन्यात आरोग्य केंद्रात. आई म्हणाली, माझं शेवटचं टीटी तुझ्या धाकटीच्या वेळचं, म्हणजे २५ वर्षं झाली. त्याच दिवशी तिचंही पान सुरू होईल.