ब्रिटनमधील भारतीय वंशाचे आणि पाकिस्तानी वंशाचे नागरिक: आर्थिक अंतराचे कारण काय?

प्रश्न (सदस्य: तळटीप)

घरच्या मंडळींत नुकताच एक वाद झाला आणि त्यात मला जे उत्तर देता आले नाही, ते इथल्या जाणकारांना विचारतो आहे. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने वांशिक गटांनुसार २०१८ सालच्या वेतनाचे जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत भारतीय वंशाच्या नोकरदारांचे तासाचे मध्यक वेतन (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) १३.४७ पौंड, गोऱ्या ब्रिटिशांचे १२.०३ पौंड आणि पाकिस्तानी वंशाच्या नोकरदारांचे १० पौंड होते. एक गट यजमानांच्याही पुढे गेला आहे आणि दुसरा बराच मागे राहिला आहे. घरांच्या मालकीचेही तसेच आहे. इंग्लंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात भारतीय वंशाच्या ७४ टक्के, गोऱ्या ब्रिटिशांच्या ६८ टक्के आणि पाकिस्तानी वंशाच्या ५८ टक्के कुटुंबांचे राहते घर स्वतःच्या मालकीचे होते.

माझ्या मेहुण्यांचे म्हणणे असे, की उपखंड एक, १९४७ पर्यंत राज्य एक, दोघेही परदेशी म्हणून त्याच देशात जवळपास त्याच काळात गेले, दोघांचाही वर्ण सारखाच, तेव्हा उरलेला फरक धर्माचा आणि संस्कारांचा. हे मला पटले नाही. पण एखादी गोष्ट आवडत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, एवढे मलाही कळते. म्हणून दोन प्रश्न. ही तुलना मुळात बरोबरीच्या दोन गोष्टींची आहे का? आणि असल्यास, अंतराचा किती भाग कशामुळे आहे हे कसे ओळखायचे?

प्रतिसाद (सदस्य: जुना प्रवासी)

आपल्या मेहुण्यांच्या युक्तिवादातला कच्चा दुवा 'उपखंड एक' या शब्दांत आहे. ब्रिटनला उपखंड गेला नाही, काही तालुके गेले.

पाकिस्तानी वंशाच्या ब्रिटिश नागरिकांचा फार मोठा हिस्सा मिरपूर आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांतला आहे. हा पाकव्याप्त काश्मीरच्या दक्षिणेचा डोंगराळ, कोरडवाहू पट्टा. आगबोटींच्या भट्ट्यांत कोळसा लोटण्याच्या कामावर इथली माणसे पहिल्यापासून जात असत, त्यामुळे ब्रिटनची वाट ओळखीची होती. पुढे झेलम नदीवर मंगला धरण झाले. ते १९६७ मध्ये पूर्ण झाले तेव्हा लाखभर माणसे विस्थापित झाली आणि जुने मिरपूर शहर पाण्याखाली गेले. आजही पाणी फार उतरले की तिथल्या जुन्या देवळांचे आणि दर्ग्यांचे अवशेष वर येतात. विस्थापितांपैकी अनेकांनी ब्रिटनमधल्या नातेवाइकांच्या आधाराने तिकडची वाट धरली. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेली ही माणसे उत्तर इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांत आणि लँकेशायरच्या सूतगिरण्यांत लागली, आणि तीही मुख्यतः रात्रपाळीला. महागडी नवी यंत्रे चोवीस तास चालवल्याशिवाय परवडत नव्हती, स्त्रियांच्या रात्रपाळीवर कायद्याची बंधने होती आणि स्थानिक पुरुष त्या पाळीला तयार नव्हते. पाळीवर कित्येकदा एकाच गावची माणसे असत, त्यामुळे इंग्रजी शिकण्याची निकडही पडली नाही. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत या गिरण्या बंद पडल्या. एक उद्योग गेला की त्यावर उभी असलेली पेठ, शाळा आणि पुढची पिढी यांचे काय होते, हे गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

आता 'भारतीय' या खणात कोण आहेत ते पाहावे. एक प्रवाह जालंदर, होशियारपूर भागातल्या शीख शेतकरी कुटुंबांचा. तो पश्चिम लंडनच्या साउथॉलला आणि मध्य इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या ओतशाळांत गेला. दुसरा प्रवाह डॉक्टरांचा. त्यांच्यावाचून ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा चाललीच नसती. तिसरा प्रवाह पूर्व आफ्रिकेतून आलेल्यांचा, आणि तुलनेच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. इदी अमीनने ४ ऑगस्ट १९७२ रोजी आशियाई लोकांना युगांडा सोडण्यास सांगितले व त्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली. त्यांपैकी सुमारे २७ ते २८ हजार लोक ब्रिटनमध्ये आले. लेस्टरच्या नगरपालिकेने तर 'आमच्याकडे येऊ नका' अशा अर्थाची जाहिरात युगांडातल्या वर्तमानपत्रात दिली होती, तरी पुष्कळजण तिथेच गेले. या मंडळींची दुकाने आणि बँकेतले पैसे मागे राहिले, पण शहरी राहणी, इंग्रजी शिक्षण, हिशेब आणि उधारी सांभाळण्याची दोन पिढ्यांची सवय बरोबर आली.

त्यांनाही सुरुवातीला खालच्याच पायरीवर उभे राहावे लागले. लंडनच्या ग्रनविक फोटो प्रक्रिया कारखान्यात १९७६ ते १९७८ असा जो संप चालला, त्याच्या नेत्या जयाबेन देसाई टांझानियातून आलेल्या गुजराती गृहिणी होत्या, आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडलेल्यांत आफ्रिकेत सुस्थितीत राहिलेल्या बायका बऱ्याच होत्या. गिरणीतला मिरपुरी कामगार आणि ग्रनविकमधली ती बाई यांचे त्या वर्षीचे वेतन कदाचित फार वेगळे नसेल. पण तिच्या घरी मुलांचा गृहपाठ घेऊ शकणारे कोणी तरी होते. वेतनाच्या तक्त्यात हे दिसत नाही. पुढच्या पिढीच्या तक्त्यात दिसते.

प्रतिसाद (सदस्य: गणिती)

इतिहास वर नीट आला आहे, म्हणून मी फक्त आकड्यांविषयी लिहितो. आपण दिलेले दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते आपल्याला वाटते त्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत.

तासाचे वेतन हे नोकरदारांचे आहे. जो स्वतःची टॅक्सी चालवतो तो त्यात नाही, आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांत स्वयंरोजगाराचे प्रमाण सर्व मोठ्या गटांपेक्षा जास्त आहे. जी स्त्री नोकरी करत नाही ती त्यात नाही, आणि या गटातील स्त्रियांचे रोजगाराचे प्रमाण बरेच कमी आहे. म्हणजे १० पौंड आणि १३.४७ पौंड यांतले अंतर प्रत्यक्ष कुटुंबांच्या परिस्थितीतले अंतर कमीच दाखवते. घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता वजा करून मोजलेल्या दारिद्र्यात हे उघड होते: पाकिस्तानी वंशाच्या घरांतली जवळपास निम्मी माणसे त्या रेषेखाली येतात, भारतीय वंशाच्या घरांतली साधारण पाव. आणि गंमत अशी, की तासाचे वेतन गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा जास्त असूनही भारतीय वंशाच्या लोकांतले हे प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा थोडे अधिकच भरते. वरच्या टोकाला हृदयरोगतज्ज्ञ आणि संगणक अभियंते, खालच्या टोकाला गोदामात पेट्या उचलणारे. मध्यक काढला की दोघेही नजरेआड होतात.

दुसरी गोष्ट, आलेल्यांचे वर्ष. शिक्षण आणि वेतन यांवर गुण देऊन प्रवेशपत्र देण्याची पद्धत २००८ पासून व्यापक झाली, आणि भारतातून आलेल्या कित्येक पदवीधरांना ब्रिटिश सरकारने आधीच चाळून घेतले आहे. असा मनुष्य आणि ब्रॅडफर्डमध्ये जन्मलेला गिरणी कामगाराचा नातू यांची तुलना ही दोन वंशांची तुलना नव्हे. ती चाळणीची आणि वस्तीची तुलना आहे. निदान ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांची तुलना ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांशीच करावी, म्हणजे चाळणीचा मोठा भाग गळून पडतो.

तिसरी गोष्ट, जागा. भारतीय वंशाचे लोक लंडन, आग्नेय इंग्लंड आणि लेस्टर या भागांत जास्त. पाकिस्तानी वंशाचे यॉर्कशायर, वायव्य इंग्लंड आणि बर्मिंगहॅम या भागांत जास्त. यामुळे घरमालकीचा आकडाही फसवा होतो. ब्रॅडफर्डच्या एका ओळीतले जुने दगडी घर आणि लंडनच्या हॅरो उपनगरातले घर हे दोन्ही तक्त्यात 'स्वतःचे घर' म्हणून एकेकच मोजले जातात. विकायला काढले तर दुसऱ्याच्या किमतीत पहिल्यासारखी कितीतरी येतील.

प्रतिसाद (सदस्य: शंकासुर)

हे सगळे मान्य करूनही मला यात पळवाट दिसते. जागा, वर्ष, शिक्षण, स्वयंरोजगार असे एकेक घटक वजा करत गेले तर शेवटी कोणत्याही दोन गटांत फरक उरणारच नाही. बायका कमी प्रमाणात नोकरी करतात, हेही संस्कारांतच मोडत नाही का? आणि भेदभावाविषयी एक शब्दही नाही.

प्रतिसाद (सदस्य: गणिती)

आक्षेप रास्त आहे, त्यामुळे जरा सावकाश उत्तर देतो.

घटक वजा करायचा तो फरक नाहीसा करण्यासाठी नव्हे, तर तो कुठून आला हे शोधण्यासाठी. शिक्षण वजा केल्यावर अंतर कमी झाले, तर शिक्षणात अंतर का पडले, हा पुढचा प्रश्न उरतोच. कोणता घटक कारण आहे आणि कोणता परिणाम, हे संगणक सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते, आणि तिथेच माणसे आपापले पूर्वग्रह आत सरकवतात. त्यात मीही आलो.

स्त्रियांच्या नोकरीत रूढीचा वाटा आहे; तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ब्रिटनमध्ये वाढलेल्या व पदवी घेतलेल्या पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांत नोकरीचे प्रमाण त्यांच्या आयांपेक्षा कितीतरी जास्त आहे. जी गोष्ट एका पिढीत शाळेमुळे एवढी हलते, तिला 'संस्कार' असे नाव देऊन प्रश्न मिटवता येत नाही.

भेदभावाचे म्हणाल तर तो मोजला गेला आहे. ब्रिटिश सरकारच्या रोजगार खात्यासाठी २००९ साली झालेल्या पाहणीत सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला ९ अर्जांमागे एक अनुकूल उत्तर आले, अल्पसंख्य वाटणाऱ्या नावांना १६ अर्जांमागे. म्हणजे भारतीय नावालाही भेदभाव चुकलेला नाही, आणि तरी तो गट पुढे आहे. यावरून 'भेदभाव नाही' असा निष्कर्ष काढणे चूक. तो नसता तर अंतर आणखी वेगळे दिसले असते, एवढेच म्हणता येते.

प्रतिसाद (सदस्य: पाटीपेन्सिल)

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षे शाळेत शिकवले आहे, म्हणून चर्चेत न आलेला एक तिसरा गट पुढे करते: बांगलादेशी वंशाचे नागरिक. त्यांचे २०१८ चे तासाचे मध्यक वेतन ९.६० पौंड, म्हणजे पाकिस्तानी वंशाच्या लोकांपेक्षाही कमी. मूळ बहुतेकांचे बांगलादेशातल्या सिल्हेट भागाच्या खेड्यांत, धर्म इस्लाम, वडिलांचे शिक्षण बेताचे. संस्कारांच्या सिद्धांताप्रमाणे त्यांची मुले शाळेत सर्वांत मागे असायला हवीत. एके काळी ती मागे होतीही. पण ही वस्ती पूर्व लंडनमध्ये एकवटलेली होती, आणि २००३ पासून लंडनच्या शाळा सुधारण्यासाठी सरकारने बराच पैसा आणि चांगले मुख्याध्यापक ओतले. पुढच्या काही वर्षांत सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत बांगलादेशी वंशाची मुले गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या सरासरीपुढे गेली. त्याच धर्माची पाकिस्तानी वंशाची मुले उत्तरेकडच्या शहरांत मात्र त्या वेगाने पुढे सरकली नाहीत. धर्म दोन्हीकडे तोच. शाळा आणि शहर वेगळे.

एक छोटा अनुभव सांगते, पुरावा म्हणून नव्हे. लीड्सहून ब्रॅडफर्डला जाताना टॅक्सीवाल्यांशी बोलणे झाले. आजोबा गिरणीत रात्रपाळीला, वडील त्याच गिरणीत ती बंद पडेपर्यंत, ते स्वतः टॅक्सीवर. समोरच्या काचेखाली थोरल्या मुलीचा पदवीदानाचा फोटो चिकटवलेला होता. ती औषधनिर्माणशास्त्र शिकून फार्मसीत लागली होती. 'लंडनला गेली,' असे ते म्हणाले, आणि त्या बोलण्यात अभिमान किती आणि रुखरुख किती हे मला शेवटपर्यंत कळले नाही. आता त्या मुलीचे वेतन लंडनच्या आकड्यात जाईल आणि ब्रॅडफर्डचा आकडा होता तिथेच राहील.

प्रतिसाद (सदस्य: तळटीप)

सर्वांचे आभार. बांगलादेशी गटाचा मुद्दा मला सुचलाच नव्हता, तो मेहुण्यांपुढे ठेवीन. एक शंका उरते. शीख शेतकरी आणि मिरपुरी शेतकरी हे दोघेही ग्रामीण, दोघेही कारखान्यांत लागलेले. तुलना करायचीच तर या दोघांची करणे अधिक न्याय्य नव्हे काय?

प्रतिसाद (सदस्य: जुना प्रवासी)

अगदी योग्य जोडी निवडलीत, आणि फरक तिथेही आहे, पण पुष्कळ लहान. दोआबातली, म्हणजे जालंदर-होशियारपूर भागातली, शेती ओलिताची व गावोगावी शाळा असलेली, मिरपूरची कोरडवाहू. तेवढी उजवी सुरुवात शिखांना मिळाली. नंतर साउथॉलच्या शिखांना शेजारीच हीथ्रो विमानतळ मिळाला. कारखाने बंद पडले तेव्हा सामान चढवण्यापासून विमानातले जेवण बांधण्यापर्यंतची कामे बसच्या अंतरावर होती, आणि बायकांनाही ती मिळाली. ब्रॅडफर्डच्या शेजारी असे काही नव्हते. वुल्व्हरहॅम्प्टनच्या ओतशाळांतले शीख मात्र ब्रॅडफर्डसारख्याच फटक्यातून गेले, म्हणून तुलना गावागावांची करावी, एका झेंड्याखालच्या सगळ्यांची नव्हे.

आणि आकडे काढायला बसाल तेव्हा एक लक्षात ठेवा. ब्रिटनच्या जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न १९९१ पासून आहे आणि उत्तर माणूस स्वतः लिहितो. इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ साली सुमारे १८.६ लाख लोकांनी स्वतःला भारतीय आणि १५.९ लाखांनी पाकिस्तानी म्हणवले. पण मिरपुरी लोकांपैकी काहीजण 'पाकिस्तानी' या चौकटीवर खूण न करता 'इतर' या ओळीत हाताने 'काश्मिरी' असे लिहितात. त्यामुळे आपल्याला ज्यांची तुलना करायची आहे तेच लोक दोन खणांत विभागलेले सापडतील. तो दुसरा खणही उघडून पाहावा.