व्हेट टेक्निशियनसाठी कॉलेज की ऑनलाइन? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आम्ही ह्यूस्टनला असतो. लेकीला बारावीनंतर व्हेट टेक्निशियन (जनावरांच्या डॉक्टरांची तांत्रिक मदतनीस) व्हायचंय. डॉक्टर व्हायचं नाहीच म्हणते (आजी अजून रुसलेली आहे!). टेक्सासच्या लायसन्ससाठी एव्हीएमए-मान्य (म्हणजे अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेची मान्यता असलेला) कोर्स आणि व्हीटीएनई ही व्हेट टेक्निशियनांची परीक्षा लागते, एवढं पक्कं कळलंय. पेच असा, की टॉमबॉलच्या लोन स्टार कॉलेजात जावं की पेन फॉस्टरचा ऑनलाइन कोर्स घ्यावा? ऑनलाइन घेतला तर प्रात्यक्षिकासाठी दवाखाना बघावा लागणार. आणि भूल, एक्स-रे, रक्त काढणं हे सगळं हाताखालून गेल्याशिवाय कसं येणार? माझा कल कॉलेजकडे, तिचा नोकरी करत शिकण्याकडे. कुणाच्या मुलांनी यातलं काही केलंय का? दवाखाने ऑनलाइनवाल्यांना सहज घेतात का? गायी-घोड्यांचा सराव कुठे मिळाला?