ग्रिलमध्ये वर्षानुवर्षं टिकतील अशी फुलझाडं सुचवा

चाफेकळी, मुलुंड:
नमस्कार मंडळी, आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या आहेत, पूर्वेचं ऊन अकरापर्यंत येतं मग समोरच्या टॉवरची सावली. दर डिसेंबरात नर्सरीतून पेटुनिया, फ्लॉक्स, शेवंती असं फुलांनी लगडलेलं काहीतरी आणते आणि एप्रिल आला की सगळं वाळून जातं. आता एकदा लावलं की चारपाच वर्षं तरी चालेल असं हवंय. मोगरा आहे पण नुसती पानंच काढतो. कुंड्या जड नकोत, सासूबाई म्हणतात ग्रिल खाली येईल 😄

मातीचे_हात:
पेटुनिया, फ्लॉक्स हिवाळी हंगामीच, ती जाणारच. पण शेवंती फेकता?? अहो ती बहुवर्षायू आहे. फुलं संपली की चार बोटं ठेवून कापायची, बुडातून पिल्लं फुटतात. पावसात कुंडी आडोशाला ठेवा, पाणी साचलं की मूळ कुजतं, आणि ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहा म्हणजे झाड डेरेदार होतं. रात्र मोठी व्हायला लागली की ती कळ्या धरते, त्यामुळे रस्त्याचा दिवा रात्रभर थेट कुंडीवर पडत असेल तर कळ्या उशिरा येतात किंवा येतच नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग खत घालत बसतात.

बोरिवलीची मावशी:
चाफेकळी, मोगऱ्याचं मी सांगते गं. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून जानेवारीअखेरीला छाटणी करायलाच हवी, जीव कळवळतो पण कात्री चालव. आधी थोडे दिवस पाणी तोड, मग छाट, वरची माती उकरून शेणखत घाल आणि पाणी सुरू कर. युरिया घालत असशील तर बंद कर, त्यानेच पानं माजतात. तुझ्याकडे ऊन जरा कमीच आहे, ग्रिलच्या अगदी बाहेरच्या कडेला ठेव त्याला.

भांडुपकर:
वजनासाठी नुसती लाल माती भरू नका, भिजली की भयंकर जड होते. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत सारखं सारखं घ्या. आणि जूनच्या आधी कुंड्यांखालच्या ताटल्या काढा, डेंग्यूचे डास तसल्याच साचलेल्या पाण्यात होतात, पालिकेची माणसं अळ्या शोधायला घरात येतात ते उगाच नाही.
सदाफुली लावा, मरत नाही. जास्वंदही लावा.

बोरिवलीची मावशी:
जास्वंद लावा म्हणणं सोपं आहे दादा, तो पांढरा मिलीबग, कापसासारखी चिकटणारी कीड, कोण काढणार? लावायचीच तर दर आठवड्याला पानांची खालची बाजू बघायची, दिसला की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचं, मग लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी, उन्हात पानं करपतात. त्यापेक्षा पावसाळी लिलीचे कंद घे, उथळ कुंडीत मावतात, पहिल्या सरीनंतर फुलतात आणि आपोआप वाढत जातात.

चाफेकळी, मुलुंड:
धन्यवाद सगळ्यांना!! शेवंतीची कुंडी अजून जिन्यात पडलीय, बघते बुडाशी काही हिरवं आहे का. सोनचाफा ठेवू का हो ग्रिलमध्ये? कलमी मिळतो म्हणे.

मातीचे_हात:
कलमी असला तरी झाडच ते. निदान 18 इंची कुंडी लागेल आणि दिवसभराचं ऊन. गच्ची असेल तर विचारा सोसायटीला, ग्रिलमध्ये नको. इथे सासूबाईंचं ऐका.