आर्वो पॅर्ट: 'क्रेडो' आणि 'श्पीगल इम श्पीगल' एकाच माणसाचं?

प्रश्न (कोमल_निषाद):
'श्पीगल इम श्पीगल' सध्या रोज ऐकतोय. पियानोवर तीन-तीन सूर, वर व्हायोलिनचा लांबच लांब सूर, बस्स. काल त्याच संगीतकाराचं, आर्वो पॅर्टचं, 'क्रेडो' लावलं. सुरुवातीला जुन्या जर्मन संगीतकार बाखचं ते सी मेजरमधलं प्रिल्यूड (छोटी वाद्यरचना) येतं, आणि मग कोरस नि ऑर्केस्ट्रा अक्षरशः अंगावर धावून येतात. एक १९६८ चं, दुसरं १९७८ चं. दहा वर्षांत हे कसं झालं? अवघड लिहून कंटाळला म्हणून सोपं लिहायला लागला का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद (मंद्र):
सोपं लिहायला लागला हे मला अजिबात पटत नाही. मी पियानो शिकवते. पॅर्टचं 'फ्युर अलिना' नुसतं वाचायला नवख्यालाही जड जात नाही, पण वाजवताना भलेभले अडखळतात. त्याकडे येतेच.

पॅर्ट १९३५ चा, एस्टोनियातल्या पाइदेचा, वाढला राक्वेरेत. चौकातल्या लाउडस्पीकरवर सिम्फनी लागली की पोरगा सायकलवरून चौकात घिरट्या घालत ऐकायचा. पुढे तालिनच्या कॉन्झर्व्हेटरीत हाइनो एलरकडे शिकला आणि शिकता शिकताच एस्टोनियन रेडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करू लागला. १९६० मध्ये त्याने 'नेक्रोलॉग' लिहिलं. बारा सुरांच्या पद्धतीतली ही एस्टोनियातली पहिली रचना. सप्तकातले बाराही सूर एका ठरलेल्या क्रमाने घ्यायचे, एकालाही 'सा'चा मान नाही. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता, आणि सोव्हिएत संगीतकार संघाचा प्रमुख ख्रेनिकोव्ह याने त्यावरून त्याला जाहीरपणे झापलं.

'क्रेडो' म्हणजे लॅटिनमध्ये 'मी विश्वास ठेवतो', इथे ख्रिस्तावर. त्यात त्याने बाख आणि हे बारा सूर समोरासमोर उभे केले. 'डोळ्याबद्दल डोळा' या शब्दांबरोबर गोंगाट वाढत जातो, आणि शेवटी बाख परत येतो. तालिनमध्ये नेएमे यार्वीने ते सादर केलं. ख्रिस्तावरची श्रद्धा सोव्हिएत रंगमंचावर अशी उघड गायली गेल्यावर जे व्हायचं तेच झालं, रचनेवर बंदी आली. पण मला वाटतं, बंदी नसती आली तरी तो तिथेच थांबला असता. 'क्रेडो'त त्याला जे सुंदर वाटत होतं ते सगळं बाखचं होतं. स्वतःचं असं काय, हा प्रश्न उरलाच.

मग १९७६ पर्यंतची ती गाजलेली आठ वर्षं. त्यांना लोक 'मौन' म्हणतात. पोटासाठी चित्रपटांचं संगीत चालू होतं, १९७१ मध्ये तिसरी सिम्फनीही झाली. पण खरं काम वह्यांमध्ये चाललं होतं. ग्रेगोरियन पठण (चर्चमधलं जुनं एकसुरी लॅटिन गायन), मध्ययुगीन बहुस्वरी गायन यांचा अभ्यास, आणि पानंच्या पानं नुसत्या एकेरी चाली. साथ नाही, कॉर्ड नाही. स्तोत्र वाचायचं आणि एक ओळ लिहायची. नाव झालेला संगीतकार पुन्हा धुळाक्षरं गिरवत होता. मला त्याच्या आयुष्यातलं हेच सगळ्यात मोठं धाडस वाटतं.

त्यातून १९७६ मध्ये 'फ्युर अलिना' आलं, दोन पानांचं. पांढरी सातला सा धरा. गंधार, धैवत, निषाद कोमल. खाली खर्जात सा वाजवून पेडल दाबून ठेवायचं. उजवा हात याच सुरांतून हिंडतो. डाव्या हाताला मात्र तीनच सूर: सा, कोमल ग, प. कुठला घ्यायचा तेही ठरलेलं, उजव्या हाताच्या सुराच्या लगेच खालचा. उजव्यात म, तर डाव्यात ग. उजव्यात ध, तर डाव्यात प. तालाचं चिन्ह नाही. दर ओळखंडात एकेक सूर वाढत जातो आणि मध्यानंतर तसाच कमी होतो. आणि एकाच ठिकाणी डावा हात नियम मोडून रे घेतो. तिथे पॅर्टने छापील पानावर एक फूल काढलंय! त्या एका सुराला किती वजन येतं ते वाजवून बघाच.

म्हणजे शिस्त बारा सुरांच्या वेळची होती तितकीच कडक आहे. फक्त आता सगळं एका 'सा'भोवती बांधलंय.

प्रतिसाद (गमकप्रेमी):
सुंदर लिहिलंय. पण हे शेवटी मिनिमलिझमच ना, मोजक्या साहित्यातून संगीत उभं करायची ती शैली? अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइखही तेवढ्याच मोजक्या सुरांत खेळतो. आणि डावा हात म्हणजे आपला तानपुराच झाला की.

प्रतिसाद (मंद्र):
दुकानात एकाच खणात ठेवतात खरे, पण राइख लयीतून, टेपच्या लूपमधून तिथे पोचला. पॅर्ट आला चर्चमधल्या पठणातून. १९७२ मध्ये तो ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती झाला होता. लय त्याच्याकडे जवळजवळ दुय्यमच.

तानपुऱ्याची आठवण मलाही होते, पण तानपुरा गायकाची वाट बघत नाही, तो आपला वाजत राहतो. इथे डावा हात प्रत्येक सुराला उत्तर देतो, त्याच्या पावलावर पाऊल टाकून. पुढे १९७७ मध्ये 'फ्रात्रेस', 'टॅब्युला रासा' आणि इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या स्मरणार्थ लिहिलेलं 'कांटुस' आलं ते याच पद्धतीतून.

कोमल_निषाद, आता 'कांटुस' ऐका. सगळी तंतुवाद्यं ए मायनरची एकच उतरती चाल वाजवतात, पण प्रत्येक खालचा गट वरच्याच्या निम्म्या गतीने. जो गट तळाला पोचतो तो सूर धरून उभा राहतो. शेवटी सगळे थांबले की आवाज लगेच बंद करू नका. अगदी हळू टोल पडलेली घंटा तंतुवाद्यांखाली झाकलेली असते, ती तेव्हा ऐकू येते.

प्रतिसाद (कोमल_निषाद):
'कांटुस' दोनदा ऐकलं. पहिल्यांदा घंटा निसटलीच, दुसऱ्यांदा हेडफोन लावल्यावर सापडली. 'फ्युर अलिना'ची स्वरलिपी मागवतोय. मंद्र, तो रे कितव्या ओळखंडात आहे हे सांगू नका, स्वतः शोधतो.