अनुभव धागा : मोफत झालेला सुपरहिरोंचा ऑनलाइन गेम तुम्ही खेळून पाहिला होता का?

निळीछत्री

भाची सध्या एका नव्या गेममध्ये स्वतःचे पात्र घडवते आहे. काल मुखवट्याचा रंग ठरवताना तिने विचारले, "मामा, तू खेळायचास तेव्हा असं सगळं निवडता यायचं का?" उत्तर देता देता मी चॅम्पियन्स ऑनलाइनबद्दल बराच वेळ बोलत राहिलो, आणि मग वाटले की हे येथेही लिहावे, म्हणजे इतरांच्याही आठवणी वाचायला मिळतील.

हा गेम १ सप्टेंबर २००९ रोजी आला, तेव्हा तो विकत घ्यावा लागे आणि वर दर महिन्याला १४.९९ डॉलर भरावे लागत. मला ते शक्य नव्हते, म्हणून मी केवळ त्याची चित्रे पाहत असे. २५ जानेवारी २०११ रोजी तो सर्वांसाठी मोफत झाला आणि मी लगेच उतरवून घेतला. पहिली संध्याकाळ एकही शत्रू न पाहता केवळ पात्र घडवण्यात गेली. उंची, खांद्यांची रुंदी, जबडा, पंख, शेपटी, यांत्रिक हात, चिलखताच्या प्रत्येक तुकड्याचे निरनिराळे रंग, हे सारे आपल्या मनाने ठरवता येत होते. त्यासाठी एक पैसाही मागितला जात नव्हता, याचे मला फार अप्रूप वाटले.

मोफत खेळणाऱ्याला सिल्व्हर म्हणत आणि मासिक शुल्क भरणाऱ्याला गोल्ड. सिल्व्हर खेळाडूला दोन पात्रांची जागा मिळे आणि शक्ती ठरलेल्या साच्यातून, म्हणजे आर्किटाइपमधून घ्याव्या लागत. आगीचा इन्फर्नो, बर्फाचा ग्लेशियर, बाहुबळाचा बेहेमोथ अशी त्यांची नावे होती. गोल्ड खेळाडू मात्र फ्रीफॉर्म पद्धतीने कोणत्याही गटातील शक्ती एकाच पात्रात आणू शके. नवख्या खेळाडूवर या साच्यांनी उपकारच केले, असे मला आजही वाटते, कारण फ्रीफॉर्ममध्ये एकमेकींशी न जुळणाऱ्या शक्ती गोळा करून पुढच्या लेव्हलला अडकून पडणे फार सोपे होते.

सुरुवातीच्या धड्यात मिलेनियम सिटीवर क्युलार नावाच्या परग्रहवासीयांनी हल्ला केलेला असतो. हे शहर डेट्रॉइटच्या अवशेषांवर उभे आहे. १९९२ मध्ये डॉक्टर डिस्ट्रॉयर या खलनायकाने डेट्रॉइट बेचिराख केले, अशी मूळ कथा आहे. धडा संपवून मी उडण्याची शक्ती घेतली आणि पहिली मोहीम बाजूला ठेवून शहराच्या सर्वांत उंच इमारतींभोवती घिरट्या घालत राहिलो. तुमचे अनुभव वाचायला आवडतील. गेम हाच असावा असा आग्रह नाही.

जुनेजाणते

तुम्ही आत आलात तेव्हा मी आधीपासून आत होतो. २००९ पासून शुल्क भरून खेळत असल्यामुळे गेम मोफत होण्याची बातमी आली तेव्हा आमच्या गटात बरीच चिंता होती. गर्दी येईल, बोलण्याची पातळी घसरेल, असे अनेकांना वाटत होते. प्रत्यक्षात मला उलटा अनुभव आला. कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशात आणि नैर्ऋत्येच्या वाळवंटात अशा सार्वजनिक मोहिमा होत्या की ज्या पुऱ्या करण्यासाठी बरेच जण एकाच वेळी एकाच ठिकाणी असावे लागत. त्या मोहिमा माणसांअभावी रखडलेल्या असत, आणि जानेवारीनंतर त्या पुन्हा जिवंत झाल्या.

मी बहुतेक वेळ पॉवरहाउसमध्ये थांबत असे. तेथे नवी शक्ती निवडून, ती चालवून पाहून, नंतरच पक्की करता येत असे, तरीही अनेक नवे खेळाडू ती न वापरून पाहताच बाहेर पडत. त्यांना थांबवून मी दोन गोष्टी सांगत असे. पहिली म्हणजे, सुरुवातीचा साधा वार ऊर्जा साठवतो आणि बाकीचे वार ती खर्च करतात, त्यामुळे साध्या वाराला कमी लेखू नये. दुसरी म्हणजे, शत्रू मोठा वार करण्याच्या तयारीत असला की त्याच्या डोक्यावर खूण दिसते. ती दिसताच बचावाची कळ दाबून धरावी. एवढे समजल्यावर आधी सतत जमिनीवर पडणारा खेळाडू तासाभरात आपल्या दुप्पट आकाराच्या शत्रूसमोर ठाम उभा राहताना पाहणे, हा माझ्यासाठी गेममधील सर्वांत मोठा आनंद होता.

रानवाटा

माझ्या आठवणीत गेमपेक्षा डाउनलोडच अधिक ठळक आहे. इंटरनेट मंद असल्यामुळे घरातील सर्वांचे काम संपल्यावर रात्री डाउनलोड सुरू करायचे आणि सकाळी उठून टक्केवारी पाहायची, असा क्रम बरेच दिवस चालला. पात्राचे नाव, रंग आणि त्याची संपूर्ण जन्मकथा मी त्या काळात वहीत लिहून काढली होती. पुढे पात्राच्या माहितीच्या चौकटीत तीच कथा भरली आणि एका अनोळखी खेळाडूने ती वाचून मला मुद्दाम संदेश पाठवला. निळीछत्री, धाग्याबद्दल मनापासून आभार.

सांजसावली

मी डीसी युनिव्हर्स ऑनलाइनबद्दल लिहिते. तो ११ जानेवारी २०११ रोजी संगणकावर आणि प्लेस्टेशन ३ वर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी मोफत झाला. माझ्या धाकट्या भावाने नायकांची बाजू घेतली आणि मी खलनायकांची. मार्गदर्शक म्हणून मी जोकर निवडला, कारण त्याला मार्क हॅमिल यांचा आवाज आहे आणि तो आवाज कानात बोलत असताना गॉथमच्या अंधाऱ्या गच्च्यांवरून धावण्यात वेगळीच मौज होती. प्रवासासाठी मी सुपरस्पीड घेतला होता. त्यात भिंतीवरूनही सरळ वर धावता येते, आणि मेट्रोपोलिसमध्ये डेली प्लॅनेट या वृत्तपत्राच्या इमारतीच्या माथ्यावरील गोलापर्यंत मी कितीतरी वेळा निष्कारण धावत गेले आहे.

तेथे मोफत खेळणाऱ्याच्या खिशात गेममधील १,५०० डॉलरच वापरता येत. त्यावर मिळवलेले सारे धन वेगळ्या खात्यात अडकून राही. एकदा पाच डॉलरची खरेदी केली की खेळाडू प्रीमियम होई आणि ती मर्यादा २,००० होई. त्यामुळे महागडी वस्तू विकत घेण्याचा मार्ग मोफत खेळाडूला जवळजवळ बंद होता आणि जे हवे ते मोहिमेतूनच मिळवावे लागे. मला याचा त्रास झाला नाही, उलट त्यामुळे मी चार जणांच्या अलर्ट मोहिमांकडे वळले आणि तेथेच मला माझी भूमिका सापडली. सॉर्सरी आणि नेचर या शक्तींचे खेळाडू इतरांची जखम भरून काढू शकतात. आइस आणि फायरवाले मार झेलतात, गॅजेट्स आणि मेंटलवाले सर्वांना ऊर्जा पुरवतात. ज्या तुकडीत जखम भरणारा कोणी नसे, ती सोडर कोला या गेममधील जखम भरणाऱ्या पेयाच्या बाटल्यांवर कशीबशी तग धरी. मी सॉर्सरीची असल्यामुळे आत पाऊल ठेवताच लोकांचा धीर वाढल्याचे जाणवे. कोणी एकमेकांशी फारसे बोलत नसे, तरी पुढे गेलेले तिघे वळून माझ्यासाठी थांबत, हे मला अजून आठवते.

उंबरठा

सांजसावली, भिंतीवरून धावण्याचे वर्णन वाचूनच मला गरगरले. मला पडद्यावरील वेगाने मळमळते. चॅम्पियन्समध्ये मी हौसेने दोरीला लटकून झोके घेत जाण्याची शक्ती घेतली होती आणि थोड्याच वेळात डोळे मिटून बसावे लागले. जमिनीखालून बोगदा करत जाण्याची एक शक्ती तेथे होती, ती घेतल्यावर सारे सुरळीत झाले. वरून पाहणाऱ्याला केवळ माती उसळताना दिसे आणि मी थेट शत्रूच्या पायाशी वर येत असे. ज्यांना असा त्रास होतो त्यांच्यासाठी खेळण्याच्या इतक्या वाटा ठेवणाऱ्यांबद्दल मला कायम कृतज्ञता वाटते.

निळीछत्री

उंबरठा, तुमच्यासारखाच त्रास माझ्या एका मित्राला होता. त्याने कॅमेरा पात्रापासून शक्य तितका दूर नेऊन ठेवला आणि पडदा थोडा लांब सरकवला, तेव्हा त्याला उडणेही जमू लागले. पुन्हा कधी खेळलात तर हे करून पाहा.

पाऊलखुणा

सिटी ऑफ हीरोजचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून लिहितो. हा गेम एप्रिल २००४ मध्ये आला आणि या प्रकारच्या सर्व गेमचा पाया त्यानेच घातला. चॅम्पियन्स ज्या क्रिप्टिक स्टुडिओजने काढला, त्यांनीच आधी हा गेम घडवला होता. अगदी सुरुवातीला त्यात खांद्यावरचा झगाही नव्हता. तो काही महिन्यांनी आला आणि तेव्हा तो मिळवण्यासाठी विसाव्या लेव्हलपर्यंत पोहोचावे लागे. पात्र घडवण्याची मोकळीक इतकी होती की खेळाडू प्रसिद्ध नायकांच्या नकला करतात, या कारणाने २००४ मध्ये मार्व्हलने दावा लावला होता. पुढच्या वर्षी तो आपसात मिटला.

मी मात्र सप्टेंबर २०११ मध्ये तो फ्रीडम या नावाने मोफत झाला तेव्हा आत गेलो. कंट्रोलर आणि मास्टरमाइंड हे पात्रांचे प्रकार मोफत खेळाडूला खुले नव्हते, म्हणून मी डिफेंडर, म्हणजे साथीदारांना बळ देणारा प्रकार, घेतला. तुकडीत आल्यावर कमी लेव्हलच्या खेळाडूला आपोआप म्होरक्याच्या जवळपासच्या लेव्हलचे बळ मिळे, त्यामुळे वर्षानुवर्षे खेळलेल्या लोकांबरोबर मी पहिल्याच आठवड्यात खांद्याला खांदा लावून लढत होतो. नव्या माणसाला एकटे न पाडणारी याहून चांगली व्यवस्था मी नंतर कोणत्याही गेममध्ये पाहिलेली नाही.

३१ ऑगस्ट २०१२ रोजी गेम बंद होणार असल्याचे जाहीर झाले. सप्टेंबरमध्ये आम्ही हातात मशाली घेऊन अ‍ॅटलस पार्कमध्ये जमलो. पृथ्वीचा गोल खांद्यावर घेतलेल्या पुतळ्याभोवती इतकी गर्दी झाली की सर्व्हरला त्याच चौकाच्या एकामागून एक नव्या प्रती उघडाव्या लागल्या. ३० नोव्हेंबरला सर्व्हर बंद झाले. ज्या गेमसाठी मी जवळजवळ काहीच मोजले नव्हते, त्याच्यासाठी मी रडलो.

सांजसावली

पाऊलखुणा, वाचून गलबलून आले. भाऊ नोकरीसाठी दूर गेल्यावर माझे पात्र एकटेच पडले होते, पण निदान ते आहे तरी. संपूर्ण शहरच नाहीसे होणे कसे असेल, याची कल्पना करवत नाही.

पाऊलखुणा

आभार. त्यात एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. २०१९ मध्ये त्याच्या सर्व्हरचा कोड लोकांपर्यंत पोहोचला आणि चाहत्यांनी होमकमिंग नावाने गेम पुन्हा उभा केला. जानेवारी २०२४ मध्ये गेमची मालक कंपनी एनसीसॉफ्टने त्यांना रीतसर परवानाही दिला. तो चाहत्यांच्या देणग्यांवर चालतो आणि खेळणाऱ्याला मोफत आहे. मी माझा डिफेंडर आठवणीतून जसाच्या तसा पुन्हा घडवला.

मधलीसुट्टी

कामाच्या मधल्या वेळेत वाचते आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. चॅम्पियन्समध्ये पंचविसाव्या लेव्हलला आपला कट्टर शत्रू स्वतः घडवता येतो, हे कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. त्याचे रूप, शक्ती, स्वभाव आणि त्याच्या हाताखालचे लोक आपणच ठरवायचे, आणि मग तो आपल्या मागावर माणसे पाठवत राहतो. माझ्या मुलाने आपला शत्रू अतिशय उंच आणि चेहरा नसलेला केला होता. त्या काळात त्याची शाळा बदलली होती आणि तो घरात फार बोलत नसे. शत्रू असा का केला, हे सांगता सांगता तो नव्या वर्गाबद्दल बोलू लागला. पुढे त्या शत्रूला त्याने तुरुंगात टाकले तेव्हा आम्ही दोघेही एकाच खुर्चीच्या काठावर बसलो होतो.

जुनेजाणते

मधलीसुट्टी, तुमचा प्रतिसाद या धाग्यातील मला सर्वांत आवडलेला आहे. शत्रू तुरुंगात गेल्यावर नवा घडवता येतो. मुलाने दुसरा कसा केला होता, हे सवडीने नक्की लिहा.

रानवाटा

पैशांबद्दल एक विचारतो. इतके मोफत मिळाल्यावर तुमच्यापैकी कोणी नंतर काही विकत घेतले का? मी एक पोशाखसंच घेतला होता. गरज नव्हती, पण बरेच महिने आनंद घेतल्यावर ते देणे योग्य वाटले.

निळीछत्री

मी कमावू लागल्यावर फ्रीफॉर्म पात्रासाठी पैसे भरले. पूर्वी त्यासाठी गोल्ड सदस्यत्वच लागे, नंतर अशा पात्राची जागा वेगळी विकतही मिळू लागली. ठरावीक रक्कम एकदा देऊन वस्तू कायमची मिळत असेल तर मला ते प्रामाणिक वाटते. ज्या पेट्या उघडल्यावर आत काय निघेल हे आधी कळत नाही, त्यांच्यापासून मात्र मी दूर राहिलो आणि भाचीलाही तेच सांगितले आहे. मोफत गेमचा खर्च कोणीतरी उचलतच असतो, पण तो नशिबाची आशा दाखवून काढून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

नवीपाटी

मी यांपैकी काहीच खेळलेले नाही, पण हे वाचून आज सुरुवात करावीशी वाटते. माझ्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. तरी चालेल का? आणि मला हवे असलेले नाव एव्हाना कोणीतरी घेतले असेल, तर काय करावे?

जुनेजाणते

चॅम्पियन्स २००९ चा असल्यामुळे साध्या यंत्रावरही बहुधा चालेल. जड वाटल्यास पात्रांभोवतीची काळी चित्रकथेसारखी रेघ आणि सावल्या सेटिंगमधून बंद करा. नावाची चिंता करू नका. तेथे पात्राच्या नावापुढे तुमच्या खात्याचे नाव जोडले जाते, त्यामुळे एकाच नावाचे अनेक नायक असू शकतात आणि तुमचे नाव तुम्हाला मिळेलच. पहिला साचा म्हणून बेहेमोथ घ्या. त्याला मार सोसतो, म्हणून बचावाची कळ शिकायला पुरेसा वेळ मिळतो.